दारावरचा ब्रदर, तेलाची बाटली आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात नवसाबद्दलच्या एका उत्तरात मी कॅनडातल्या ब्रदर आंद्रेंचं नाव एका ओळीत घेतलं होतं, तर त्यावरून एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यांनाच देऊन टाकते. लोणच्याला बुरशी आणि मुलाची ॲडमिशन हे प्रश्न पाठवणाऱ्यांनी रागवू नका बाप्पा, पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, तारीखही मिळालीय. आमच्या शेजारच्या कॅथलिक आंटींची मुलगी कॅनडात असते, तिने येताना ब्रदर आंद्रेंच्या चर्चमधून तेलाची छोटी बाटली आणली आणि आंटींनी ती प्रेमाने आईंना दिली. आई रोज लावून राहिल्या आणि आता म्हणतात ऑपरेशन कशाला. हे ब्रदर कोण, आणि त्या तेलात असतं काय? — एक सून, सदर

तारीख कॅन्सल करू नका. हे आधी सांगते, मग गोष्ट.

त्यांचं मूळ नाव आल्फ्रेड बेसेत. ९ ऑगस्ट १८४५ ला क्वीबेक प्रांतातल्या एका खेड्यात जन्म, मॉन्ट्रियलपासून काही फार लांब नाही. बारा भावंडांतला आठवा, आणि जन्मतःच इतका किरकोळ की पोर वाचतंय की नाही म्हणून घाईघाईने बाप्तिस्मा देऊन टाकला होता. बाप लाकूडतोड्या आणि सुतार, १८५५ मध्ये अंगावर झाड पडून गेला, आई दोन वर्षांनी टीबीने गेली, आणि हा बारा वर्षांचा पोरगा मावशीच्या घरी. शाळा जवळजवळ नाहीच, पुढे मोठेपणी कशीबशी सही करायला आणि थोडंफार वाचायला शिकला. चांभारकाम करून पाहिलं, बेकरीत, लोहाराकडे, टिनच्या कामात, मग चार वर्षं अमेरिकेत जाऊन कापड गिरण्यांत राबला, पण तब्येत अशी की कुठे टिकेचना. पोट तर आयुष्यभर खराब. पाण्यात शिजवलेलं पीठ, हे त्यांचं पुढच्या कितीतरी वर्षांचं जेवण होतं.

गावच्या फादरांनी मात्र या पोरात काहीतरी बघितलं होतं, तो तासन्तास संत जोसेफच्या मूर्तीसमोर बसायचा. येशूचा पालक बाप, सुतार, गरीब माणूस, हातावर पोट असलेल्यांचा संत, तर या सुताराच्या पोराला तो जवळचा वाटला यात नवल नाही. १८७० मध्ये फादरांनी त्याला होली क्रॉस नावाच्या कॅथलिक धार्मिक संघाकडे पाठवलं, सोबत चिठ्ठी, की तुमच्याकडे एक संत पाठवतोय. संघाने काय केलं? तब्येत बघून नको म्हटलं. शेवटी मॉन्ट्रियलच्या बिशपांनी मध्ये शब्द टाकला तेव्हा घेतलं, आणि १८७४ मध्ये कायमची व्रतं झाली. ज्या फादरांनी पाठवलं त्यांचंच आंद्रे हे नाव त्याने घेतलं. आता इथे एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते म्हणून सांगते, ब्रदर म्हणजे फादर नव्हे. ब्रदर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करत नाही, कन्फेशन म्हणजे पापांची कबुली ऐकत नाही, तो संघातला व्रत घेतलेला साधा सेवक. त्यातही आंद्रेंच्या वाट्याला आलं नोत्रदाम कॉलेजच्या दारावरचं काम. बेल वाजली की दार उघडायचं, पाहुण्याला बसवायचं, मुलांचे कपडे धुवायला द्यायचे-आणायचे, फरशी पुसायची, टपाल पोचवायचं, आणि पोरांचे केस कापायचे, पाच सेंटला एक डोकं. असं जवळजवळ चाळीस वर्षं. म्हातारपणी ते स्वतःच गमतीत म्हणायचे की मी संघात आलो तर मला दार दाखवलं, आणि मी चाळीस वर्षं तिथेच थांबलो.

आता तुमचं तेल. कॉलेजच्या चॅपलमध्ये संत जोसेफच्या मूर्तीपुढे दिवा जळायचा, त्यातलं साधं तेल. जडीबुटी नाही, औषध नाही, काही नाही. कोणी आजारी आलं की ब्रदर म्हणायचे संत जोसेफला सांग, हे तेल चोळ, नऊ दिवस प्रार्थना कर. आपल्याकडे देवापुढच्या समईतलं तेल आजी कपाळाला लावायची ना, तेच. एक किस्सा नेहमी सांगितला जातो, की कॉलेजात एक मुलगा तापाने पडून होता, ब्रदर फरशी पुसता पुसता त्याला म्हणाले काय आळशासारखा लोळतोस, ऊठ आणि खेळायला जा, आणि पोरगा खरंच उठून मैदानात. डॉक्टर भडकले, पोराला परत तपासलं, तर ताप नाही. किती खरं किती वाढवलेलं ते सोडा, पण बातमी पसरायला एवढं पुरे झालं आणि दाराशी रांग लागायला लागली.

रांग लागली तशी बोंबही झाली. पालक म्हणायला लागले की आमची पोरं शिकतात तिथे जगभरचे रोगी कशाला, संसर्ग होईल. कॉलेजचा डॉक्टर विरोधात, संघातलेही काही जण विरोधात, कोणी तेलकट म्हातारा म्हणून चिडवायचं, तक्रारी वरपर्यंत गेल्या. मग तोडगा निघाला, की रोग्यांना कॉलेजात नका भेटू, समोरच्या ट्रामच्या स्टॉपवर भेटा. आणि ते तिथे भेटायला लागले! डोळ्यापुढे आणा, कॅनडाची थंडी, जेमतेम पाच फुटांचा हाडकुळा माणूस, काळा झगा, आणि ट्रामची वाट बघणाऱ्यांच्या शेडमध्ये कुबड्यावाले, आंधळे, पोरं कडेवर घेतलेल्या बाया.

समोरच्या डोंगरावर संत जोसेफचं एक छोटं देऊळ बांधायचं हे त्यांचं एकच वेड. परवानगी मागितली तर वरून उत्तर की कर्ज काढायचं नाही, जेवढे पैसे हातात तेवढंच बांधा. मग केस कापून जमलेली चिल्लर आणि लोकांनी टाकलेली नाणी यातून १९०४ मध्ये पंधरा बाय अठरा फुटांची खोली उभी राहिली, आपल्या हॉलएवढी. आत माणसं मावायची नाहीत म्हणून दार उघडं ठेवून लोक बाहेर उभे. आज तिथे जगातल्या मोठमोठ्या घुमटांत गणला जाणारा घुमट असलेलं सेंट जोसेफ ओरेटरी, म्हणजे संत जोसेफचं मोठं प्रार्थनामंदिर आहे, १९६७ मध्ये पूर्ण झालेलं.

सूनबाई, आईंना एवढंच सांगा की ज्यांच्या नावाचं तेल आहे तेच म्हणायचे, बरं मी करत नाही. कोणी पाया पडायला लागलं, तुमच्यामुळे बरा झालो म्हटलं, तर चिडायचे, कधी रडायचे. तेल लावायला हरकत नाही, चोळण्याने आणि कोणीतरी आपल्यासाठी प्रार्थना करतंय या भावनेने दुखणं कमी वाटतंही, त्यात खोटं काही नाही. पण झिजलेली कूर्चा तेलाने भरत नाही. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर टाके ओले असताना तिथे कुठलंही तेल लावायचं नाही, सर्जनला विचारल्याशिवाय तर नाहीच. बाटली आईंच्या उशाशी राहू द्या. आंटींनाही ऑपरेशनच्या दिवशी प्रार्थनेला बोलवा, त्यांना खूप बरं वाटेल.

प्रश्न : मॅडम, राग मानू नका पण मागच्या अंकात तुम्ही या ब्रदरचं कौतुक केलं ते पटलं नाही. आपल्या गल्लीतला बाबा असता तर तुम्हीच त्याला बुवाबाजी म्हटलं असतं, गोरा आणि फॉरेनचा म्हणून संत का? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बजाजनगर

राग कशाचा, प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि नागपूरच्या पोराने हा विचारलाच पाहिजे, अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ आपल्या शहरात काय कमी आहे का.

मी कुठल्याही बाबाकडे बघताना दोन गोष्टी बघते, बाबा घेतो काय आणि बंद काय करायला लावतो. आंद्रेंच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर असं, की गरिबीचं व्रत घेतलेला माणूस, खिशात स्वतःचा पैसा नाही, जे आलं ते देवळाच्या कामात. १९२० च्या दशकात वर्षाला ८० हजारांच्या आसपास पत्रं येत होती म्हणतात, उत्तरं लिहायला सेक्रेटरी ठेवावे लागले कारण यांना स्वतःला धड लिहिता येत नव्हतं. एवढी गर्दी असलेला माणूस आपल्याकडे कुठल्या गाडीतून फिरतो ते तू बघतोसच. दुसऱ्याचं उत्तर, डॉक्टरकडे जाऊ नका असा त्यांचा उपदेश नव्हता, उलट संध्याकाळी काम आटपल्यावर ओळखीच्या कोणाच्या गाडीतून ते आजाऱ्यांच्या घरी आणि हॉस्पिटलांत भेटायला जायचे. आणि ते काही गोडगोड बोलणारे संत नव्हते बरं का, दिवसभर रांग ऐकून ऐकून वैतागायचे, फटकन बोलायचे, आणि मग नंतर त्याचं वाईट वाटून घ्यायचे. मला तर त्यामुळेच ते खरे वाटतात.

आता चर्चचं. त्यांनी संत म्हणून शिक्का मारायला ७३ वर्षं घेतली. ६ जानेवारी १९३७ ला ब्रदर वारले, ९१ वर्षांचे, थंडीपावसात दहा लाख माणसं दर्शनाला आली असा अंदाज आहे. तरी १९८२ मध्ये धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, आणि १७ ऑक्टोबर २०१० ला संत. यात जिवंतपणीचे हजारो किस्से धरत नाहीत, मेल्यानंतरचे चमत्कार लागतात आणि ते डॉक्टरांच्या मंडळापुढे जातात. निदान पक्कं होतं का, आजार गंभीर होता का, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकणारं होतं का, आणि औषधाने ते समजावता येतं का, असं सगळं खोदून विचारतात. आंद्रेंच्या वेळी पहिली केस होती १९५८ मधली कॅन्सरची आणि दुसरी १९९९ मधली, सायकलवरून जाताना गाडीने उडवलेल्या, डोक्याला जबर मार लागलेल्या नऊ वर्षांच्या मुलाची. आता डॉक्टरांनी "आम्हाला कारण सापडत नाही" म्हणणं आणि "देवाने केलं" म्हणणं यात अंतर आहे, हे तुझ्या लक्षात येईलच, माझ्याही येतं. डॉक्टर पहिलं वाक्य म्हणतात, दुसरं चर्च म्हणतं. तुला दुसरं नसेल मानायचं तर नको मानू. मी मागच्या अंकात ज्याचं कौतुक केलं ते चमत्काराचं नव्हतंच, चाळीस वर्षं दार उघडण्याचं होतं.

आणि गोऱ्यांचं म्हणशील तर त्यांच्याच शहरात त्यांच्या हयातीत त्यांना भोंदू म्हणणारे भरपूर होते, ट्रामच्या स्टॉपची गोष्ट वर लिहिलीच आहे.

प्रश्न : ताई, नाव छापू नका. माझे मिस्टर एका प्रार्थना सभेत जायला लागले. तिथे स्टेजवरून सांगितलं की विश्वास पूर्ण असेल तर गोळ्या सोडा, गोळी घेणं म्हणजे शंका घेणं. त्यांनी शुगरच्या गोळ्या सोडल्या. मी काही बोलले तर म्हणतात तुझ्यामुळेच माझं बरं होत नाही. काय करू? — एक बहीण

बहिणी, आधी शुगर तपासून घ्या, आजच, घरच्या मशीनवर किंवा जवळच्या लॅबमध्ये. खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, ग्लानी, श्वास जोरजोरात, यातलं काही दिसलं तर वाद न घालता सरळ उचलून मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी दवाखान्यात न्या, रात्र असली तरी. इन्सुलिन चालू असेल आणि तेही सोडलं असेल तर थांबूच नका.

मग त्यांच्याशी बोला, पण श्रद्धेवर हात न टाकता. त्यांना विचारा, गोळी घेऊन प्रार्थना करायला देवाची काही हरकत आहे का? कॅथलिक असतील तर तुमच्या पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चच्या, फादरांना मध्ये घ्या, कारण खुद्द व्हॅटिकनने सप्टेंबर २००० मध्ये आरोग्यासाठीच्या प्रार्थनांबद्दल सूचना काढल्या आहेत. आजाऱ्यासाठी प्रार्थना कोणीही करावी, पण चर्चमधल्या अशा खास उपासना बिशपच्या परवानगीने, आणि उन्माद, नाटकीपणा, सनसनाटी यातलं काही नको असं त्यात स्पष्ट आहे. त्यावर सही कोणाची, तर कार्डिनल रात्झिंगरांची, तेच पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले आणि त्यांनीच २०१० मध्ये ब्रदर आंद्रेंना संत घोषित केलं. म्हणजे एकच माणूस स्टेजवरच्या तमाशाला नको म्हणतो आणि दारावरच्या ब्रदरला हो म्हणतो. हे मिस्टरांना वाचून दाखवा, बायकोचं नाही ऐकत तर पोपचं तरी ऐकतील.

कायद्याचंही सांगून ठेवते. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड आहे. साधी प्रार्थना, पूजा, उपासना याला तो हात लावत नाही, म्हणून घाबरून प्रार्थनाच बंद करायची गरज नाही. पण कुत्रा, साप, विंचू चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून अडवणं असे प्रकार त्यात गुन्हा आहेत. शिवाय १९५४ चा केंद्राचा एक कायदा आहे, त्यात मधुमेह, कॅन्सर, लकवा असे आजार चमत्काराने बरे करतो अशी जाहिरात करायला बंदी आहे. सभेचं पत्रक किंवा व्हॉट्सॲपवर आलेलं पोस्टर असेल तर डिलीट करू नका. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवा, आधी शुगर.

प्रश्न : माझ्या नातवाने क्विझमध्ये विचारलं की कोणत्या संताचं हृदय चोरीला गेलं होतं. तुमचे हेच ब्रदर का? — निवृत्त शिक्षक, रामदासपेठ

हेच सर! त्यांचं हृदय काढून ओरेटरीत जपून ठेवलंय, जुन्या युरोपात अशी प्रथा होती, आपल्याला जरा कसंतरी वाटतं ते जाऊ द्या. मार्च १९७३ मध्ये ते चोरीला गेलं, ५० हजार डॉलर मागितले, ओरेटरीने दिले नाहीत. डिसेंबर १९७४ मध्ये एका वकिलाला टीप मिळाली आणि मॉन्ट्रियलमधल्या एका बिल्डिंगच्या तळघरातल्या लॉकरमध्ये ते सापडलं. नातवाला अर्धा मार्क जास्त द्या.

प्रश्न : आमच्या कामठीच्या ताजुद्दीन बाबांची आठवण आली तुमचं वाचून. दोघं एकाच काळातले ना? — कामठीहून एक वाचक

हो, अगदी. या सुफी बाबांचा जन्म १८६१ चा, देहांत १९२५ चा, म्हणजे नागपूरच्या ताजबागेत ज्यांचा दर्गा आहे ते बाबा इथे होते तेव्हा तिकडे ब्रदर ट्रामच्या शेडमध्ये बसत होते. आणि बाबांना तर लोकांनी वेडे ठरवून १८९२ पासून सोळा वर्षं नागपूरच्या पागलखान्यात ठेवलं होतं, तरी गर्दी तिथेच जायला लागली. धर्म वेगळा, बोली वेगळी, जवळपास काहीच सारखं नाही, पण गर्दी मात्र सारखीच, ज्यांना दुसऱ्या कुठल्या दारात कोणी उभं करत नाही अशांची. ताजबागला आजही सगळ्या धर्माचे लोक दिसतात, आणि सदरच्या कॅथेड्रलमध्येही मेणबत्ती लावायला येणारे सगळेच काही ख्रिश्चन नसतात, तुम्हीही बघितलं असेल.

प्रश्न : आम्ही दोघं मे महिन्यात मुलाकडे मॉन्ट्रियलला जाणार आहोत. तिथे गेलो तर बघण्यासारखं काय, आणि आपण हिंदू, चालतं का? — आजी-आजोबा, त्रिमूर्तीनगर

चालतं म्हणजे काय, बिनधास्त जा. मेट्रोची ब्लू लाइन पकडा, कोत-दे-नेज स्टेशनला उतरा, तिथून चालत. पायऱ्या खूप आहेत, २८३, त्यातल्या मधल्या ९९ लाकडाच्या आहेत आणि त्या गुडघ्यांवर चढणाऱ्यांसाठी राखीव, आपण बाजूच्या पायऱ्यांनी जायचं. आजोबांना दम लागत असेल तर पायऱ्यांचा हट्ट नको, मुलाला म्हणा गाडी वर ने. आत मेणबत्त्यांचं मोठं दालन आहे आणि तिथे भिंतीवर लोकांनी सोडून दिलेल्या कुबड्या टांगल्यात, रांगाच्या रांगा, ते बघा. लोक घाईत मोठा घुमट बघून फोटो काढून परत येतात आणि बाजूचं ते १९०४ चं छोटं चॅपल राहून जातं. ते चुकवू नका, त्याच्या वरच ब्रदरांची खोली आहे. आणि बाहेर आलात की रस्त्यापलीकडे बघा, ते कॉलेज अजून तिथेच आहे.

मे मध्ये तिकडे संध्याकाळी गार असतं, स्वेटर घ्या. तेलाच्या बाटल्या तिथल्या दुकानात मिळतात, आणायच्या असतील तर चेक-इनच्या बॅगेत टाका.